चौथा भिडू

‘तिघंच आहोत. येताय ना?’

सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना येणारा हा फोन. पलीकडून ‘नमस्कार’ नाही, ‘कसे आहात’ नाही. बोलणाऱ्याला माझ्या तब्येतीची चौकशी करायची नसते, त्याला चौथा माणूस हवा असतो. मी ‘निघालोच’ म्हणतो, रॅकेटची पिशवी खांद्याला लावतो आणि जिना उतरू लागतो. निवृत्तीनंतर माझे बरे चालले आहे असे लोक म्हणतात. ते खरे असेल तर त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय या दोन वाक्यांना आहे.

ज्यांनी बॅडमिंटन कधी खेळले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डबल्सला चार गडी लागतात. तिघांतही फूल इकडून तिकडे मारता येते, पण तो खेळ नव्हे, वेळ काढणे झाले. त्यामुळे चौथा भिडू कितीही रडतखडत खेळणारा असो, त्याची वाट पाहिली जाते. आणि निवृत्त माणसाची वाट पाहणारे या जगात फार थोडे उरतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागणारे कार्यालय सोडले, तर आपण आहोत की नाही याची चौकशीही बाहेरचे कुणी करत नाही.

मी बँकेत होतो. २०१७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, महिनाअखेरीला निवृत्त झालो. ज्यांना बँकेच्या आतला कारभार ठाऊक आहे त्यांना माहीत असेल की, शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. दोघेही हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. कितीतरी वर्षे त्यातली एक किल्ली माझ्याकडे होती. ताप असला तरी मी शाखेत जाई, कारण मी गेलो नाही तर पलीकडे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पैसे मिळणार नाहीत, हे मला ठाऊक असे. त्या ओझ्याला मी पुष्कळ वेळा शिव्याही घातल्या. शेवटच्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या स्वाधीन केली, रजिस्टरात सही केली. मग शाल, श्रीफळ, चार भाषणे आणि भिंतीवर लावायचे एक घड्याळ. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी खुर्चीत बसून त्या घड्याळाकडे पाहत होतो. तिजोरी उघडली असेल, असे मनात आले. माझ्यावाचून उघडली असेल.

निवृत्तीचा धक्का म्हणतात तो हा. पैशाची तरतूद आमच्या पिढीने बऱ्यापैकी करून ठेवलेली असते. भविष्यनिर्वाह निधी, मुदतठेवी, विमा, सगळ्याचा हिशोब वहीत लिहिलेला असतो. पण आपल्यावाचून कुणाचे अडते का, या रकान्यात काय लिहायचे याचा विचार कुणी केलेला नसतो.

पुढे मी पुन्हा थोडे काम धरले. बँकांच्या शाखांचे चालू लेखापरीक्षण करायला निवृत्त अधिकारी घेतात, तसा मीही आठवड्यातून तीन दिवस अकरा ते तीन जातो. ‘अर्धनिवृत्त’ हा माझा शब्द. ‘अर्धवट निवृत्त’ हा माझ्या मुलीचा. या कामात मी रमतो, डोके गंजत नाही, चार पैसेही मिळतात. पण एक कबुली दिली पाहिजे. लेखापरीक्षकाच्या येण्याने शाखेत कुणाला आनंद होत नाही. चहा मिळतो, मान मिळतो, परंतु ‘आलात? बरं झालं!’ हे शब्द तिथे ऐकू येत नाहीत. ते मला सकाळी सहाला मिळालेले असतात.

बॅडमिंटनशी माझी ओळख जुनी. शाळेत असताना मोठी माणसे नंदू नाटेकरांचे नाव घेऊन बोलत. सांगलीत जन्मलेल्या या माणसाने १९५६ साली क्वालालंपूरला जाऊन स्पर्धा जिंकली होती. परदेशात असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांच्या मनगटाबद्दल ऐकलेल्या गोष्टी आम्ही गल्लीत दोरी बांधून खऱ्या करू पाहत असू. १९८० साली प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड जिंकली तेव्हा मी बँकेत नुकताच चिकटलो होतो आणि कॉलेजातली रॅकेट अजून हातात होती. नंतर बदल्या सुरू झाल्या. कुठे हॉल नाही, कुठे वेळ नाही, पुढे पुढे कुठे इच्छाही नाही. रॅकेट माळ्यावर गेली. बावन्नाव्या वर्षी पुण्यात परतलो तेव्हा पोट पुढे आले होते आणि साखर हद्दीवर होती. मग माळ्यावरून रॅकेट काढली.

आज मागे वळून पाहताना वाटते, माझ्या आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची गुंतवणूक ती. निवृत्तीला आठ वर्षे असताना केली, हे महत्त्वाचे. साठीला माणूस खेळ शोधायला निघतो तेव्हा त्याला खेळ सापडतोही, पण भिडू सापडायला वेळ लागतो. भिडू मुरावे लागतात, लोणच्यासारखे.

पुण्याच्या माणसाला या खेळाबद्दल जिव्हाळा वाटायला आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि त्या काळी तो ‘पूना’ या नावानेच ओळखला जाई. पुढे इंग्लंडात ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्याचे नाव त्याला कायमचे चिकटले. आमच्या चौकडीतले सर म्हणतात, ‘नाव गेलं, पण खेळ राहिला. निवृत्त माणसाने हे उदाहरण भिंतीवर लावावं.’

आमच्या चौकडीची ओळख आता करून द्यायला हवी. सर शाळेत गणित शिकवत. शेठचे किराणा दुकान आहे, ते आता मुलगा पाहतो आणि शेठ फक्त गल्ल्याकडे लक्ष ठेवतात. म्हणजे तेही अर्धनिवृत्त. तिसरे डॉक्टर, दातांचे. आणि चौथा मी. कोर्टाबाहेर आमची कधी गाठ पडली असती असे वाटत नाही. शेठच्या दुकानात मी गिऱ्हाईक झालो असतो, माझ्या शाखेत शेठ खातेदार झाले असते. कोर्टावर मात्र पदे नाहीत. मी कोणत्या श्रेणीतून निवृत्त झालो हे फुलाला माहीत नसते. सरांनी मला ‘साहेब’ म्हटलेले आठवत नाही. ‘अहो, ते फूल तुमचं होतं!’ असे मात्र रोज म्हणतात.

या वयात खेळ बदलावा लागतो, आणि हे बदलणेच मला सगळ्यांत मोलाचे वाटते. तरुणपणी स्मॅश म्हणजे सर्वस्व असते. २०२३ साली जपानमध्ये घेतलेल्या एका चाचणीत आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. पण फुलाची गंमत अशी की, सोळा पिसांची ती पाचेक ग्रॅमची वस्तू जितक्या वेगाने निघते तितक्याच झपाट्याने मंदावते. हवा तिला धरून ठेवते. पलीकडे पोचेपर्यंत तिचा जोर बराचसा ओसरलेला असतो. ज्याला हे कळले तो धावत सुटत नाही, थांबून वाट पाहतो. आता आम्ही जाळीजवळ अलगद टाकतो, प्रतिस्पर्ध्याच्या दोघांच्या मधोमध मारतो आणि ‘तुझं की माझं’ या त्यांच्या घोळाचा फायदा घेतो. सर तर जागचे हलत नाहीत. त्यांचे गणित असे, की फूल कुठे पडणार हे आधी कळले तर पाय कमी लागतात.

मी माळ्यावरून रॅकेट काढली तेव्हा गुण मोजण्याची पद्धतही बदललेली होती. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे आणि डाव पंधराचा असे. २००६ पासून डाव एकवीसचा झाला आणि सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक चुकीला समोरच्याला गुण मिळू लागला. पूर्वी चूक केली तर फक्त सर्व्हिस जाई. आता हातोहात किंमत मोजावी लागते. बँकेच्या माणसाला हा व्यवहार पटायला हवा होता, पण मला तो पचायला वर्ष लागले. पंचावन्नाव्या वर्षी रोज दहा-वीस वेळा लहान लहान हरण्याची सवय लागली, ती पुढे मोठ्या गोष्टींत उपयोगी पडली. नोकरीत आपण हरत नसतो असे नाही. पण तिथले हरणे झाकता येते. कोर्टावर ते सगळ्यांसमोर होते आणि पाच सेकंदांत पुढची सर्व्हिस येते.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात सुमारे साडेआठ हजार माणसांची पंचवीस वर्षांपर्यंत नोंद ठेवून एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बैठे आयुष्य काढणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षे, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षे, फुटबॉल खेळणारे ४.७ वर्षे अधिक जगतात असे त्यात दिसले. सायकल चालवणारे ३.७, पोहणारे ३.४, संथ धावणारे ३.२, आणि व्यायामशाळेत जाणारे १.५. आमच्या शेठना हे आकडे फार आवडले. ‘सहा वर्षं दोन महिने,’ त्यांनी लगेच हिशोब केला. मी लेखापरीक्षक असल्यामुळे मला शंका काढणे भाग होते. टेनिस खेळणारा मुळातच सुखवस्तू असेल, निरोगी असेल म्हणूनच खेळत असेल. खेळामुळेच आयुष्य वाढले असे यावरून सिद्ध होत नाही, आणि हे त्या संशोधकांनीही कबूल केले आहे. पण यादी पुन्हा वाचा. वरचे तीन खेळ असे आहेत, की ते एकट्याने खेळता येत नाहीत. खाली उतरत जावे तसतसा माणूस एकटा होत जातो. संशोधकांचेही या संगतीकडे लक्ष गेले होते. मला तर त्यात आमचा सकाळचा फोन ऐकू येतो.

त्या फोनची खरी ताकद मला २०१९ साली कळली. सरांच्या पत्नी अचानक गेल्या. आम्ही तिघे भेटायला गेलो, खाली मान घालून बसलो, परत आलो. सांत्वनाचे शब्द आमच्यापैकी कुणालाच धड येत नव्हते. दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले, मुलगा बंगलोरला परत गेला. त्यानंतरच्या सोमवारी शेठनी पावणेसहाला फोन लावला. मी शेजारी उभा होतो. शेठ एवढेच म्हणाले, ‘सर, तिघंच आहोत.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग फोन बंद झाला. आम्ही जाळी बांधली आणि बाकावर बसून राहिलो. सव्वासहाला दारात सर उभे होते, पायात चपला, हातात रॅकेट. बूट घालायचे विसरले होते. त्या दिवशी ते एकही फूल नीट मारू शकले नाहीत. आम्हीही त्यांना सोपी फुले दिली नाहीत. तसे केले असते तर त्यांच्या लगेच लक्षात आले असते. डाव संपल्यावर ते म्हणाले, ‘उद्या बूट आणतो.’

मला वाटते, दुःखातल्या माणसाला ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणण्यापेक्षा ‘आम्हाला तुम्ही लागता’ असे सांगणे अधिक उपयोगी असते. आपण ते फारसे सांगत नाही.

आता स्वतःच्या मूर्खपणाबद्दल. खेळाची भलावण करणारा लेख लिहून ही गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२२च्या हिवाळ्यात खेळताना मला छातीत जड वाटू लागले. थांबलो की जाई, धावलो की येई. मी चार दिवस कुणाला सांगितले नाही. भीती आजाराची नव्हती; ‘खेळ बंद’ हे शब्द ऐकावे लागतील याची होती. पाचव्या दिवशी डॉक्टर सर्व्हिस करता करता थांबले. म्हणाले, ‘छाती माझ्या खात्यात येत नाही. पण एवढ्या थंडीत हा घाम मला आवडलेला नाही. चला.’ तसेच बुटांसकट घेऊन गेले. एक रक्तवाहिनी बरीच बंद झाली होती. स्टेंट बसवला. आणखी चार दिवस मी शहाणपणा केला असता तर हा लेख लिहायला उरलो असतो की नाही, कोण जाणे.

म्हणून समवयस्कांना कळकळीने सांगतो. चाळिशीनंतर पुन्हा खेळायला लागणार असाल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. आल्या आल्या स्मॅश मारू नका, दहा मिनिटे अंग गरम करा. थंड पायाने उडी मारून टाच मागचा स्नायूबंध तोडून घेणारे मी पाहिले आहेत. पुढे उभे असाल तर भिडू काय करतो हे पाहायला मागे वळू नका, फूल डोळ्यावर बसते. आणि छातीत, जबड्यात, हातात काही वेगळे वाटले तर त्या क्षणी रॅकेट खाली ठेवा. खेळावरचे प्रेम सिद्ध करण्याची ती वेळ नव्हे.

तीन महिने मला खेळायला बंदी होती. पण फोन बंद झाला नाही. ‘गुण मोजायला कुणी नाही, येताय ना?’ असा येऊ लागला. मी बाकावर बसून गुण मोजत असे आणि माझ्यावर पहारा ठेवायला सौभाग्यवती शेजारी बसत असे. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझा खेळ पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही मी खेळत नसताना. एक दिवस डॉक्टर आले नाहीत. तिघेही उरले नव्हते, दोघेच होते. शेजारच्या कोर्टावरून एक तरुण मुलगी उसनी आणली. तरी एक कमी. शेठ बाकाकडे वळून म्हणाले, ‘वहिनी, येता का?’

ती म्हणाली, ‘छे हो, मी शाळेत रिंग खेळायचे. त्याला झाली पन्नास वर्षं.’ आणि उठली. रिंग-टेनिस ज्यांनी खेळले आहे त्यांना ठाऊक असेल, तिथे हाताची झेप आणि नजर दोन्ही लागतात. रॅकेट तिला नवी होती, पण फूल कुठे येणार हे तिला सरांच्याही आधी कळत होते. ओचा सावरत तिने दहा-बारा फुले परतवली. घरी येताना रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. ‘अहो, तुमची निवृत्ती होऊन पाच वर्षं झाली. माझी कधी व्हायची?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सकाळी सहाला आमच्या हॉलमध्ये सगळे पुरुषच का असतात, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आले नव्हते. उत्तर सोपे होते. त्या वेळी दूध येते, पाणी येते, चहा होतो, डबे होतात. आपण निवृत्त होतो म्हणजे घरातला एक माणूस निवृत्त होतो. दुसरीचे काम उलट वाढते, कारण साहेब आता दुपारीही घरीच जेवतात. आता दूध मी तापवतो, आणि सहाला आम्ही दोघे निघतो.

एक शेवटचा मुद्दा, तो हॉल चालवणाऱ्यांसाठी. बॅडमिंटनला आज चांगले दिवस आहेत. सिंधूचे यश, २०२२ चा थॉमस करंडक यांनी मुले रॅकेटकडे वळली, हे फार चांगले झाले. पण सकाळचे सगळे तास शिकवणीच्या वर्गांना दिले जातात आणि म्हाताऱ्यांना ‘तुम्ही काय, रिकामेच’ म्हणून भर दुपारी अकराची वेळ मिळते. आम्हालाही हे सुचवण्यात आले होते. चार कोर्टांपैकी एक आमच्याकडे राहील असे पुष्कळ विनवण्यांनंतर ठरले. माझे म्हणणे एवढेच, की सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक हॉलमध्ये सकाळी एक कोर्ट, एक तास साठीच्या पुढच्यांसाठी असावे. विरंगुळा केंद्रे बांधतो, बाके बसवतो, ते सर्व ठीक. पण बाकावर माणूस नुसता बसतो. तिथे त्याच्यावाचून कुणाचे अडत नाही.

सगळ्यांनी बॅडमिंटनच खेळावे असे माझे म्हणणे नाही. कॅरम चालेल, टेबल टेनिस चालेल, भजनी मंडळातला टाळही चालेल. कसोटी एकच. तुम्ही गेला नाहीत तर तिथे कुणाचे अडले पाहिजे. तिजोरीची किल्ली दिली ती दिलीच, ती परत मिळत नाही. पण दुसरी एखादी किल्ली साठीच्या आधीच करवून घेता येते.

परवा सकाळी नेहमीप्रमाणे फोन वाजला. मी उचलला. शेठ होते. ‘तिघंच आहोत,’ म्हणाले. मी ‘निघालोच’ म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘तुम्ही या हो सावकाश. वहिनींना द्या जरा.’